डिश काढली त्याला आठ महिने झाले: चित्र झकास, पण खालचे काका कायम पुढे

फेब्रुवारी 2025 मध्ये, चॅम्पियन्स ट्रॉफीच्या तोंडावर, डिशचं रिचार्ज बंद केलं. तेव्हापासून क्रिकेट फक्त ॲपवर, घरच्या ब्रॉडबँडवरून.

चित्राबद्दल तक्रार नाही. पाऊस आला की सिग्नल गायब, ही कटकट गेली. रडगाणं आहे ते उशिराचं. 9 मार्चला दुबईतल्या फायनलमध्ये माझ्याकडे जडेजा अजून स्टान्स घेत होता आणि खालच्या मजल्यावरचे काका (त्यांची डिश शाबूत आहे) ओरडले. मग फटाके. आणि मग कुठे आमच्या टीव्हीवर विजयी चौकार!

नेट हळू असेल म्हणून 100 चा प्लॅन 200 एमबीपीएस केला. काडीचा फरक नाही. पैसे गेल्यावर कारण शोधायला बसलो. डिशचा सिग्नल जवळपास 36,000 किलोमीटर वर जाऊन खाली येतो, पण त्या फेरीला लागतो फक्त पाव सेकंद. ॲपवर मात्र तेच चित्र कमीजास्त दर्जाच्या चार-पाच प्रतींमध्ये बनवतात, प्रत्येक प्रतीचे काही सेकंदांचे तुकडे पाडतात, ते जागोजागच्या सर्व्हरवर ठेवतात आणि आपला टीव्ही एकेक तुकडा मागून घेतो. वर नेट अडखळलं तर चित्र थांबू नये म्हणून दोन-तीन तुकडे हाताशी साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवातच करत नाही. सहा सेकंदांचा तुकडा धरला तरी तिथेच बारा-अठरा सेकंद गेले. तुकडे लहान केले तर उशीर कमी होतो, पण मग जरा नेट डगमगलं की गोल चकरी फिरायला लागते.

अर्थात या तुकड्यांमुळेच एवढी गर्दी झेपते, हेही खरं. साध्या फाइली त्या, जवळच्या सर्व्हरवरून हव्या तितक्यांना वाटता येतात. 2023 च्या वर्ल्ड कप फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी 5.9 कोटी प्रेक्षक होते!

प्लॅनपेक्षा उपयोगी पडली ती लॅन केबल. राउटर आतल्या खोलीत, टीव्ही हॉलमध्ये. वायफायवर ऐन ओव्हरमध्ये चित्र धूसर व्हायचं, ते थांबलं. दुसरं म्हणजे, एकदा चकरी फिरली की तेवढा उशीर पुढे तसाच राहतो. अशा वेळी ‘लाइव्ह’चं बटण दाबायचं.

मोबाइलवर बघणाऱ्यांनी हिशेब करून बसावं. 5 एमबीपीएसने साडेतीन तासांच्या टी-ट्वेंटीला जवळपास 8 जीबी लागतात. रोजचा दीड जीबी चाळीस मिनिटांत खलास, म्हणजे पहिली इनिंगसुद्धा पुरी होत नाही.

डिश परत घेणार नाही. मॅचच्या दिवशी व्हॉट्सॲपचा ग्रुप म्यूट, स्कोअरच्या ॲपचं नोटिफिकेशन बंद. काकांना म्यूट करता येत नाही, म्हणून शेवटच्या दोन ओव्हर त्यांच्याकडेच जाऊन बघतो. काकू चहा देतात.