कोथरूड की सहकारनगर : टेकडी आणि बाजार, दोन्ही पायी हवे असतील तर

पुण्यात घराजवळ टेकडी आणि कोपऱ्यावर किराणा हवा असेल, तर बहुधा हेच दोन पर्याय समोर येतात.

कोथरूडची जमेची बाजू मेट्रो. वनाज ते गरवारे हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला. वनाज, आनंदनगर किंवा आयडियल कॉलनीपासून दहा मिनिटांच्या चालीवर घर मिळालं, तर डेक्कनसाठी दुचाकी काढावी लागत नाही. वेताळ टेकडीही हाताशी. पण चढ खरा आहे. मुरूम सुटा असल्यामुळे चढण्यापेक्षा उतरताना पाय जास्त घसरतो, पावसाळ्यात तर हमखास. झिजलेल्या तळाचे बूट घरीच ठेवा.

सहकारनगरला तळजाई टेकडी. वाटा रुंद, चढ सौम्य. आजी-आजोबा आणि लहान मुलांना हीच बरी. मेट्रोसाठी मात्र स्वारगेट गाठावं लागतं. घर घेताना आंबिल ओढ्यापासूनचं अंतर आधी बघा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री अरण्येश्वर भागात ओढ्याचं पाणी थेट घरांत शिरलं होतं. पार्किंगच्या भिंतीवर ओलीची रेघ दिसते का आणि पाण्याची मोटर किती उंचीवर बसवली आहे, हे पाहायला दोन मिनिटं पुरतात.

दोन्हीकडे जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. भाजीची पिशवी घेऊन तिसरा मजला एकदा चढून पाहा. पुनर्विकासाचं बोलणं कुठवर आलंय, तेही सोसायटीत विचारा, नाहीतर भाडेकरूला वर्षभरात पुन्हा बोचकं बांधावं लागतं.

रोज चालणाऱ्या तरुणाने कोथरूड घ्यावं. घरात गुडघेदुखी असेल तर सहकारनगर, पण ओढ्यापासून लांब.