‘वाढ थांबवतो’ म्हणणारा की रस्त्याची जागा आधी धरणारा? कॉलिन काउंटीत कमिशनर निवडताना

टेक्सासच्या कॉलिन काउंटीतल्या फ्रिस्को, मॅकिनी, प्रॉस्पर, सेलिना, प्रिन्स्टन या पट्ट्यात कमिशनरची, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सदस्याची, निवडणूक आली की दारात दोन तऱ्हेची पत्रकं येऊन पडतात. नावं दर वेळी वेगळी असतात, तऱ्हा त्याच. एका पत्रकावर मोठ्या अक्षरांत ‘अपार्टमेंट नकोत, दाट वस्ती नको, बिल्डरांना लगाम’. दुसऱ्यावर रस्त्यांची यादी, एखादा नकाशा आणि पाण्याच्या निचऱ्याबद्दल दोन ओळी. पहिलं वाचून बरं वाटतं, दुसरं वाचताना कंटाळा येतो. मी दोन्ही तऱ्हा नीट पाहून मत दिलं आहे आणि माझा कल कुठे आहे ते खाली कळेलच. तुमचा प्रश्न वेगळा असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकतं.

वाढीची चिंता खोटी नाही, हे आधी मान्य करायला हवं. 2010 च्या जनगणनेत कॉलिन काउंटीत 7,82,341 माणसं होती, 2020 मध्ये 10,64,465. दहा वर्षांत पावणेतीन लाखांहून जास्त. आता ही वाढ उत्तरेला आणि पूर्वेला सरकली आहे. 2020 मध्ये सतरा हजारांचं असलेलं प्रिन्स्टन 2024 च्या मध्यापर्यंत सदतीस हजारांवर गेलं. तिथल्या माणसाला सकाळी 380 क्रमांकाच्या महामार्गावर येताना जे सोसावं लागतं, त्यावर उतारा म्हणून ‘थांबवा’ हा शब्द जवळचा वाटणारच.

पण माझं मत ठरलं ते याच शब्दावर. टेक्सासमध्ये काउंटीला झोनिंगचा, म्हणजे कोणत्या जमिनीवर काय बांधायचं हे ठरवण्याचा, अधिकार नाही. काही तलावांच्या काठासारखे मोजके अपवाद सोडले तर नाहीच. विधिमंडळाने जेवढं हातात दिलं तेवढंच काउंटी करू शकते, आणि जमिनीचा वापर ठरवणं त्यात येत नाही. स्थानिक शासन कायद्याचं 232 वं प्रकरण काढून बघा. मोठ्या नागरी काउंट्यांना ले-आउटचे जास्तीचे अधिकार देणाऱ्या 232.101 या कलमातच पुढे स्पष्ट लिहिलं आहे की कमिशनर्स कोर्टाने (नाव कोर्ट, पण हे कमिशनरांचं कारभारी मंडळ) इमारतीचा वापर, तिची उंची आणि आकार, एका एकरात किती घरं, यांचं नियमन करायचं नाही. म्हणजे पत्रकावर जे आश्वासन छापलंय, नेमकं तेच कायद्याने नाकारलेलं आहे.

आपल्याकडे शेतात घरं उभी राहायची म्हटली की एन.ए.चा कागद, विकास आराखडा, तहसीलदार अशी साखळी डोळ्यांसमोर येते. त्यामुळे इथेही कुणीतरी ‘नाही’ म्हणू शकत असेल, असं आपण गृहीत धरतो. शहराच्या हद्दीबाहेर इथे तसला कागदच नाही. बिल्डर ले-आउट दाखल करतो. तो काउंटीच्या नियमांत बसत असेल तर मंजूर करावाच लागतो. तीस दिवसांत निर्णय द्यावा लागतो. नाकारायचा तर कोणत्या नियमात बसत नाही ते लेखी कळवावं लागतं, आणि मुदत टळली तर ले-आउट मंजूर झाला असं धरलं जातं. नवा रस्ता न काढता दहा एकरांहून मोठे तुकडे पाडले तर बहुतेक वेळा ले-आउटही लागत नाही.

शहराच्या हद्दीत अपार्टमेंट हवीत की नकोत हे मुख्यतः शहराचं कौन्सिल ठरवतं. प्रिन्स्टनने सप्टेंबर 2024 मध्ये नव्या निवासी बांधकामांना तात्पुरती स्थगिती दिली आणि पुढे ती वाढवली. तो ठराव शहराचा होता, काउंटी तसा ठराव करूच शकली नसती. हद्दीलगतच्या पट्ट्यावर शहराचा थोडा अंमल असायचा, पण 1 सप्टेंबर 2023 पासून जमीनमालक अर्ज करून त्यातून बाहेर पडू शकतात. म्हणजे काउंटीच्या पदरात पडणारी जमीन वाढली आहे आणि अधिकार आहेत तेवढेच.

म्हणून ‘मी अपार्टमेंट थांबवीन’ असं कमिशनरपदाचा उमेदवार म्हणतो तेव्हा मला फार खटकतं. एक तर त्याने कायदा वाचलेला नाही, किंवा मतदाराने वाचलेला नसेल असं तो धरून चालला आहे. निवडून आल्यावर पहिल्याच महिन्यात नियमात बसणारा ले-आउट समोर येतो, काउंटीचे वकील सांगतात की नाकारला तर खटला हरू, आणि मंजुरीसाठी हात वर करावा लागतो. मधल्या मध्ये जे काम खरोखर त्याच्या हातात होतं, ते मागे पडतं.

ते काम म्हणजे मुख्यतः रस्त्याची जागा. ले-आउट मंजूर करताना काउंटी मुख्य रस्त्यासाठी जागा सोडायला लावू शकते. साध्या काउंटीत 50 ते 100 फूट रुंद, आणि कॉलिनसारख्या मोठ्या नागरी काउंटीत महत्त्वाच्या रस्त्याला 120 फुटांपर्यंत. हिशोब करून बघा: 120 फूट रुंदीच्या एका मैलाला साधारण साडेचौदा एकर जमीन लागते. शेत शेत असताना ती आराखड्यात आखलेली असेल तर बरीचशी ले-आउटबरोबरच मिळते, उरलेली शेतीच्या भावाने घेता येते. दोन्ही बाजूंना विटांची कुंपणं आणि घरांची मागची अंगणं आली की तीच जागा जबरदस्तीने घ्यावी लागते. न्यायाधीश तीन खास आयुक्त नेमतात, ते भरपाई ठरवतात, ती कमी वाटली की मालक कोर्टात जातो. त्यात पाण्याची मुख्य वाहिनी, विजेचे खांब, फायबर हे सगळं हलवायचं. तेवढ्यासाठीच एखादं काम वर्षभर अडकतं, आणि त्या वर्षात पुढच्या वळणावर आणखी दोन वसाहती राहायला येतात.

म्हणून दुसऱ्या तऱ्हेच्या उमेदवाराच्या नकाशाकडे मी आधी पाहतो. काउंटीच्या आउटर लूपची, म्हणजे बाहेरून वळसा घालणाऱ्या मोठ्या रस्त्याची, रीत समजून घेतली की मुद्दा लक्षात येतो: पूर्ण रुंदीची जागा आधी ताब्यात घ्यायची, त्यावर सुरुवातीला दोन पदरी सेवारस्ता बांधायचा, मुख्य मार्गिका रहदारी आणि पैसा येईल तशा. हे बोलू शकणारा उमेदवार शोधा. त्याला विचारा, ‘तुमच्या प्रिसिंक्टमध्ये (कमिशनरच्या मतदारसंघात) पुढच्या चार वर्षांत कोणत्या रस्त्याची जागा धरायची आहे, आणि कुठून कुठपर्यंत?’ रस्त्याचं नाव आणि दोन टोकं सांगता आली पाहिजेत. ‘आम्ही वाहतुकीवर काम करू’ हे उत्तर पुरेसं नाही. आणि 380 किंवा एखादा एफ.एम. (फार्म-टू-मार्केट) रस्ता रुंद करून देतो म्हणाला तर तिथेही सावध व्हा. ते रस्ते राज्याचे आहेत. काउंटी जागा मिळवून देऊ शकते, बाँडमधून वाटा उचलू शकते, पण वेळापत्रक राज्याच्या परिवहन खात्याचं असतं.

काळ्या मातीबद्दलही विचारावं. इथली ब्लॅकलँड माती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानासारखीच आहे. पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेताकडे जाणारा जुना काउंटी रस्ता म्हणजे डांबरावर दाबलेली खडी. त्याच्यावरून वसाहतीचे काँक्रीट मिक्सर दिवसभर जायला लागले की आधी कडा ढासळतात, मग चाकोऱ्या पडतात, त्यात पाणी साचतं आणि खालची माती फुगून मधला भाग वर उचलतो. वरून पुन्हा खडी टाकली तर एक पावसाळा निघतो. खालच्या मातीत चुना मिसळून ती घट्ट केल्याशिवाय रस्ता टिकत नाही, आणि त्याला पैसे लागतात. बांधकामाच्या गाड्यांनी रस्ता फोडला तर दुरुस्ती कोणाकडून करून घ्यायची, याचं उत्तर बिल्डरशी झालेल्या करारात असावं लागतं. तो करार कमिशनर्स कोर्टासमोर येतो तेव्हा वाचणारा कमिशनर हवा.

मालमत्ता कराच्या बाबतीत दोन्ही तऱ्हा ‘दर कमी करू’ म्हणतात. कॉलिनचा काउंटी दर 100 डॉलरला साधारण 15 सेंट आहे. करपात्र किंमत 5,00,000 डॉलर धरली तर काउंटीचे 750 डॉलर होतात. एक सेंट कमी केला की वर्षाला 50 डॉलर वाचतात. त्याच बिलावर शाळेचा दर डॉलरच्या आसपास किंवा वर असतो. घर एखाद्या म्युनिसिपल युटिलिटी डिस्ट्रिक्टमध्ये (वसाहतीला पाणी-सांडपाण्याची सोय करून त्यासाठी वेगळा कर लावणारी संस्था) असेल आणि त्याचा दर 70 सेंट असेल, तर तेवढ्याचेच 3,500 डॉलर. त्यामुळे काउंटीच्या एका सेंटवर मत ठरवू नये असं मला वाटतं. ‘मी दर वाढवला नाही’ या वाक्यालाही तपासल्याशिवाय अर्थ नाही. घरांच्या किमती वाढल्या तर दर तोच ठेवूनही वसुली वाढते. त्या वर्षीच्या नोटिशीत ‘नो न्यू रेव्हेन्यू’ दर, म्हणजे त्याच मालमत्तांवर गेल्या वर्षीएवढीच वसुली देणारा दर, छापलेला असतो, मंजूर झालेला दर त्याच्याशी ताडून बघा. देखभालीच्या करात जुन्या मालमत्तांमागे 3.5 टक्क्यांहून जास्त वाढ करायची तर 2019 च्या कायद्यानुसार मतदान घ्यावं लागतं. नवी बांधकामं त्या मर्यादेत धरत नाहीत आणि बाँडच्या परतफेडीचा दर वेगळा असतो. हे तीन भाग वेगवेगळे करून सांगणारा उमेदवार, पक्ष कोणताही असो, तयारीचा समजावा.

तुरुंग आणि कोर्टं यांच्यावर पत्रकात कोणीच लिहीत नाही, पण खर्चाचा मोठा भाग तिथे जातो. राज्याच्या नियमाने 48 कैद्यांमागे एक तुरुंगरक्षक हवा. लोकसंख्या वाढली की हा खर्च टाळता येत नाही.

पहिल्या तऱ्हेच्या उमेदवाराकडे एक मुद्दा मात्र खरा आहे. एखाद्या शहराने बिल्डरला किंवा कंपनीला करसवलत दिली की काउंटीलाही तिच्या वाट्याच्या करात सूट द्यायची विनंती येते. तिथे कमिशनर ‘नाही’ म्हणू शकतो, आणि त्या ‘नाही’ला वजन असतं. शहराच्या हद्दीबाहेर सेप्टिक टाकी असलेल्या घराला, राज्याच्या नियमानुसार, नळाचं पाणी असेल तर किमान अर्धा एकर आणि स्वतःची विहीर असेल तर एक एकर जागा लागते. त्या नियमाला सूट मागणारे अर्जही येतात. तुमच्या उमेदवाराचा विरोध नेमका या दोन ठिकाणी असेल आणि तो तसं बोलत असेल, तर मी त्याला नाकारणार नाही. विरोध अधिकाराच्या आत असला की तो उपयोगी पडतो.

उलट, रस्त्यांची यादी देणाऱ्याचा धोकाही डोळ्यांआड करू नये. रस्त्याची रेघ कुठून जाते यावर जमिनीचे भाव हलतात. म्हणून त्याचे देणगी अहवाल वाचाच. ते 15 जानेवारी आणि 15 जुलैला येतात, शिवाय प्रतिस्पर्धी असलेल्या उमेदवाराचे मतदानाच्या 30 आणि 8 दिवस आधी. आठ दिवसांआधीचा सगळ्यात महत्त्वाचा, कारण उशिरा आलेले पैसे त्यात दिसतात. देणगीदारांत अभियांत्रिकी कंपन्यांचे भागीदार, जमीन कंपन्या आणि त्यांचे वकील किती, ते मोजा. मग तीच नावं कमिशनर्स कोर्टाच्या अजेंड्यावर शोधा, विशेषतः एकत्र मंजुरीच्या यादीत, जिथे चर्चा न होता कंत्राटं निघून जातात. काही नावं जुळणारच, एवढ्यावरून आरोप करू नये. पण रस्ता ज्या शेतातून वळतो त्याचा मालक आणि मोठा देणगीदार एकच निघाला, तर माझा कल मी तिथेच बदलेन.

कमिशनर्स कोर्ट मॅकिनीत ब्लूमडेल रस्त्यावरच्या प्रशासकीय इमारतीत सोमवारी दुपारी भरतं. अजेंड्यावरच्या विषयावर बोलायचं असेल तर निर्णयाआधी बोलू द्यावं लागतं, तसा 2019 चा कायदा आहे. एखादा सोमवार तिथे बसलं की विद्यमान कमिशनर कागद वाचून आलाय की नाही ते दिसतं, आणि नव्या उमेदवाराला काय विचारायचं तेही सुचतं.

वेळेबद्दल. प्रिसिंक्ट 2 आणि 4 ची निवडणूक 2026, 2030 अशी येते, 1 आणि 3 ची 2028, 2032. खरी लढत बहुधा मार्चच्या पहिल्या मंगळवारच्या प्राथमिक फेरीतच होते, जिथे प्रत्येक पक्ष आपला उमेदवार ठरवतो, आणि नोव्हेंबरची वाट पाहणाऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही. मतदार नोंदणी 30 दिवस आधी झालेली हवी. टेक्सासमध्ये पक्षनोंदणी नाही, केंद्रावर ज्या पक्षाची मतपत्रिका मागता तो तुमचा पक्ष. पन्नास टक्क्यांहून जास्त मतं कोणालाच मिळाली नाहीत तर मेच्या चौथ्या मंगळवारी दुसरी फेरी होते, आणि मार्चमध्ये एका पक्षाची मतपत्रिका घेतली असेल तर तिथे दुसऱ्या पक्षाची मिळत नाही. कमिशनरचं नाव गव्हर्नर, सिनेट आणि न्यायाधीशांच्या लांबलचक रांगेनंतर खूप खाली येतं. आत फोन वापरता येत नाही, म्हणून नमुना मतपत्रिका छापून त्यावर खूण करून तो कागद बरोबर न्या.