चार्ट अजून कोल्हापुरात, प्रोफाइल माझ्या मेलवर: जवळपास २४ हजार रुपये गेले

प्रिंटरची कस्टम प्रोफाइल (आपल्या शाई-पेपरवर रंग नेमका उतरावा म्हणून बनवलेली फाइल) करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने माझ्याकडून आधी ८,८५० रुपये घेतले, मग आणखी ३,२०० उकळले, आणि कुठूनतरी उतरवलेली जुनी फाइल नाव बदलून माझ्या गळ्यात मारली. बेळगावकडच्या शहापूर, वडगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, या सगळ्या पट्ट्यात इंकजेटवर पोट भरणारे आपण बरेच आहोत. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

माझं मुख्य काम विणकरांच्या साड्यांची नमुना-कार्डं छापायचं. लग्नाच्या फोटोत रंग थोडा इकडेतिकडे झाला तर गिऱ्हाईक चालवून घेतं. कार्डाचं तसं नाही. बाहेरगावचा व्यापारी कार्ड बघून ऑर्डर देतो. कार्डावर एक रंग आणि मालात दुसरा निघाला की गठ्ठा परत येतो, आणि नुकसान विणकराचं. माझ्याकडे एप्सनचा एल१८०० आहे, सहा शायांचा. शाई बाहेरची, पेपरही बाहेरचा, कारण कंपनीचा माल वापरून या दरात कार्ड सुटत नाही. तेव्हा कंपनीची तयार प्रोफाइल आमच्या उपयोगाची नाही. मोजणीचं चांगलं मीटर विकत घ्यायची ऐपत नाही. मग कोणाकडून तरी करून घेण्याशिवाय दुसरा मार्ग काय होता?

त्याला तीन पेपरच्या प्रोफाइल सांगितल्या: २७० जीएसएम ग्लॉसी, १८० जीएसएम ग्लॉसी आणि मॅट. प्रत्येकी २,५०० म्हणजे ७,५००, वर १८ टक्के जीएसटीचे १,३५०. त्याने बिल पाठवलं, त्यावर जीएसटी नंबरही होता. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही नंबर तपासता येतो. मी नंतर तपासला, तर तो नंबर एका हार्डवेअरच्या दुकानाचा निघाला. तुम्ही आधी तपासा.

माणूस अडाणी नव्हता, हे मुद्दाम सांगतो. चार्ट (रंगांच्या पट्ट्यांचा कागद, तो मोजून प्रोफाइल बनते) छापताना कलर मॅनेजमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरची रंगदुरुस्ती, बंद ठेवा, अडोबीच्या कलर प्रिंटर युटिलिटीतून छापा, रात्रभर वाळू द्या, मगच पाकिटात घाला, हे सगळं त्याने नीट सांगितलं. यातलं एकही चुकीचं नाही. खरं काम करणाराही हेच सांगतो. मग संशय घ्यायचा कशावरून?

पण एक जागा होती, आणि ती आठवली की आजही हातपाय कापतात. कुरिअर केलं, पोचपावतीचा नंबर त्याला दिला. त्याने चार्टचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागितला होता, पट्ट्या नीट छापल्यात का बघायला, तो पाठवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिन्ही प्रोफाइल मेलवर हजर! मी ट्रॅकिंग उघडलं तर पाकीट कोल्हापुरात पडलेलं. त्याने पत्ता दिलेला पुण्याचा. चार्ट हातात पडलाच नाही, तर मोजलं काय? मी फोन केला. म्हणाला, "दादा, फोटोवरूनच रीडिंग घेतलं, आता नवीन सॉफ्टवेअर आलंय." मोबाइलचा कॅमेरा स्वतःचा व्हाइट बॅलन्स लावतो, वर खोलीतल्या ट्यूबलाइटची झाक असतेच. प्रोफाइलला लागतं ते स्पेक्ट्रोफोटोमीटरचं, म्हणजे रंग मोजायच्या मीटरचं, रीडिंग, एकेका पट्टीचं. हे मला माहीत होतं! पण त्या रात्री कार्डांचा मोठा लॉट कापायला द्यायचा होता, ज्यांची कार्डं होती ते वडगावचे विणकर मामा दुकानात येऊन बसले होते, आणि जो माणूस पेपर वाळवायच्या तासांपर्यंत बोलतो तो खोटं बोलेल असं कोणाला वाटेल?

फाइली बसवल्या. फोटोशॉपच्या यादीत फाइलचं नाव दिसत नाही, तिच्या आत लिहिलेलं नाव दिसतं. तिथे माझ्या पेपरचं नाव कुठेच नाही, भलत्याच मॉडेलचं एकच नाव. विचारलं तर, "तो बेस असतो दादा, तोच निवडा." निवडला. वांगी रंगाची साडी निळी आली, मरून तपकिरी झाला. मामा कार्ड उजेडात धरून एवढंच म्हणाले, "काय ओ हे? ही माझी साडी न्हवं." पूर्ण लॉट पुन्हा छापून द्यावा लागला: पेपर, शाई, कटिंग मिळून ११,६०० रुपये माझ्या खिशातून.

त्यानंतर त्याने सांगितलं, तुमची शाई खराब आहे, ९१८ पट्ट्यांचा मोठा चार्ट करावा लागेल, ३,२०० द्या. दिले. आधीच्यात एवढे गेल्यावर माणूस तिथे थांबत नाही, वसूल करायला बघतो. नवी फाइल आली आणि फोन बंद झाला.

हुबळीतल्या एका मित्राने आरगिलसीएमएस या फुकट सॉफ्टवेअरमधल्या आयसीसीडंपने फाइली उघडून दाखवल्या. प्रत्येक आयसीसी फाइलच्या (प्रोफाइल याच प्रकारच्या फाइलीत असते) सुरुवातीला १२८ बाइटचं हेडर असतं, त्यात बनवल्याची तारीख असते. माझ्या फाइलींवर वर्ष होतं २०१३. तिन्ही पेपरच्या फाइली अक्षर न् अक्षर एकच. विंडोजमधल्या सर्टयुटिलने हॅश (फाइलीचा बोटाचा ठसाच म्हणा) काढला तर तिन्हींचा तोच. मॅटवर काळा रंग ग्लॉसीइतका खोल बसतच नाही, मग दोघांची प्रोफाइल एक कशी असेल? नुसता साइज सारखा असला तर लगेच चोर म्हणू नका, एकाच सॉफ्टवेअरच्या खऱ्या फाइलीही सारख्या साइजच्या निघतात. हॅश बघा. आणि पैसे देण्याआधीच ठरवून घ्या की मोजणीची टेक्स्ट फाइल सोबत मिळेल. खरं मोजणाऱ्याकडे ती असतेच.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "फाइल आली ना? मग फसवणूक कुठली?" मी रंग समजावतोय, समोरचा मोबाइल बघतोय. तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. मला कन्नड बोलता येतं, पण स्पेक्ट्रोफोटोमीटर कन्नडमध्ये लिहायचं कसं? कोर्टाजवळच्या टायपिंगवाल्याला २०० रुपये दिले. घेऊन गेलो तर "नाळे बर्री", उद्या या. पुन्हा गेलो, साहेब बंदोबस्तावर. मग म्हणाले, आरोपी महाराष्ट्रात आहे, तिकडे जा. पुण्याच्या ठाण्यात फोन लावला तर, "पैसे कर्नाटकातून गेले, तिकडेच द्या." म्हणजे सीमेवर राहणाऱ्याने लुटलं जायचं आणि दोन्ही राज्यांनी बोट पलीकडे दाखवायचं! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. १ जुलै २०२४ पासून हा कायदा लागू आहे. हे मी वाचून दाखवलं तर उत्तर मिळालं, "आम्हाला कायदा शिकवू नका." बँकेने तर दोन ओळींत हात झटकले: यूपीआयचा पिन तुम्हीच टाकला.

पैसे गेल्या गेल्या १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, मी उशीर लावला. ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि स्वतःच्या पोटासाठी धंदा करणाराही ग्राहकच धरला जातो. तो कागद मी तयार करतोय.

ठाण्यातल्या एकाने जाता जाता सांगितलं की एवढ्या रकमेची एकट्याची तक्रार हलत नाही, चार-पाच जण असतील तर बघू. तेव्हा आपल्या भागात कोणाला चार्ट पोचायच्या आधी प्रोफाइल मिळाली असेल, तर मेल पुसू नका, यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि कुरिअरची पावती जपा, फाइलीतली तारीख बघा आणि खाली लिहा. मी शहापुरातच आहे, तक्रार द्यायला तुमच्यासोबत येतो.