बी की कलम? लिंबाला एक न्याय, संत्र्याला दुसरा

सरबत करताना गाळणीत राहिलेली बी कुंडीत खोचली आणि दोन-तीन आठवड्यांत गडद हिरवी, चकचकीत पानं वर आली, की माणूस हरखतो. मग संत्रं खाताना तीच बुद्धी होते, पाठोपाठ मोसंबीचीही बी मातीत जाते, आणि हिशेब तिथे चुकतो. बी लावावी की नर्सरीतून कलम आणावं, हे फळ कोणतं आणि जागा केवढी यावर ठरतं.

आधी लिंबू. कागदी लिंबाची बी लावणं हा केवळ हौशी उद्योग नाही, बागायतदारही तेच करतात. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘साई सरबती’ वाणाची रोपंसुद्धा बियांपासून केली जातात. कारण लिंबाच्या एका बीत बहुधा एकाहून जास्त गर्भ असतात. त्यातला एखादाच परागीकरणातून आलेला, बाकीचे थेट आईच्या पेशींतून झालेले. म्हणजे आईची हुबेहूब नक्कल. एका बीतून दोन-तीन कोंब फुटले तर दचकू नका. एकसारख्या उंचीची रोपं ठेवायची, फारच खुरटलेलं किंवा वेगळ्याच तऱ्हेचं दिसणारं काढून टाकायचं. बी मात्र ताजी हवी. धुऊन, वाळवून, डबीत घालून ‘पावसाळ्यात लावू’ म्हणालात तर बरीचशी उगवणार नाही.

संत्र्या-मोसंबीच्या बियांतही हाच प्रकार असतो, त्यामुळे ‘बियांचं संत्रं आंबटच निघतं’ हे आपण समजतो तितकं खरं नाही. (बाजारातून संत्रं म्हणून आणलेलं फळ पुष्कळदा पंजाब-राजस्थानकडचा किन्नू असतो. झाड उगवलं तर किन्नूचं उगवेल, नागपुरी संत्र्याचं नाही.) खरी सोडत पपनसाची. त्याच्या बीत एकच गर्भ असतो, तोही संकराचा. काय निघेल ते निघेल.

मग संत्रं बियांपासून का नको? वयामुळे. बियांचं रोप म्हणजे लहान मूल. बाळपण सरल्याशिवाय ते फुलत नाही, आणि तोवर लांबलचक काटे काढत राहतं. कागदी लिंबू जमिनीत असेल तर साधारण 4-5 वर्षांत फळ देतं, कुंडीत त्याहून उशीर. संत्र्याला 7-8 वर्षं सहज लागतात. त्यात आपण गच्चीवर झाड आटोपशीर राहावं म्हणून शेंडे खुडत बसतो, की ते बाळपण आणखी लांबतं. कलमाचं तसं नाही. त्यातला डोळा (म्हणजे पानाच्या बेचक्यातला अंकुर) फळणाऱ्या झाडावरून घेतलेला असतो, आणि तो त्या झाडाचं वय सोबत घेऊन येतो. दिसायला वीतभर, पण आतून प्रौढ. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळ्या दिसू लागतात.

कलमाची दुखणी वेगळी. विदर्भात संत्र्याचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे खाली मुळं पुरवणाऱ्या रोपावर, भरतात. तो जोड मातीच्या वर राहिलाच पाहिजे. मी पहिलं मोसंबीचं कलम आणलं तेव्हा ‘घट्ट बसू दे’ म्हणून जोड मातीत पुरला, वर रोज तांब्याभर पाणी. डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागला, वरचा भाग वाळला, खालून मात्र जोमदार फुटवा आला. आम्ही तो दोन वर्षं कौतुकानं वाढवला. शेजारच्या माळीकाकांनी पाहिलं आणि हसून म्हणाले, “ही मोसंबी नाही, जंबेरी पाळलीय तुम्ही.” तेव्हापासून जोडाखालचा फुटवा दिसला की लगेच मोडतो.

शिवाय ट्रिस्टेझासारखे विषाणूरोग डोळ्यातून कलमात येतात, बियांतून सहसा येत नाहीत. त्यामुळे कलम कुठून घेता याला महत्त्व आहे. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेची किंवा कृषी विद्यापीठाची रोपं मिळाली तर रस्त्याकडेच्या टेम्पोतल्या ‘बारमाही, गॅरंटीवाल्या’ रोपाकडे बघूही नका.

लिंबात गुटीचा मार्गही आहे, म्हणजे झाडावरच फांदीला मुळं फुटवून ती वेगळी करायची. गुटीचं रोप लवकर फळतं, पण त्याला सोटमूळ नसतं. कुंडीत त्यानं बिघडत नाही. अंगणात, वाऱ्यात आणि उन्हाळ्यात पाणी कमी पडणाऱ्या जागी बियांचं झाड जास्त तग धरतं. बिनबियांचं मोठं लिंबू हवं असेल तर विचारच नको, गुटी किंवा कलमच आणावं लागेल.

माझा कौल असा: अंगण किंवा शेताचा बांध असेल आणि चार-पाच वर्षं थांबायची तयारी असेल, तर कागदी लिंबू बिनधास्त बियांपासून लावा. गच्चीवर 18 इंची कुंडी असेल तर लिंबाची गुटी. संत्रं आणि मोसंबी फक्त कलम, तेही पुण्या-मुंबईच्या गच्चीवर फार अपेक्षा न ठेवता. भाड्याच्या घरात असाल तर बियांचं रोप नकोच. फळं पुढचा भाडेकरू खाईल.

आणि बियांची रोपं आधीच मोठी झाली असतील तर फेकू नका. खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की हिवाळ्याच्या सुरुवातीला त्यावर ओळखीच्या, निरोगी, फळत्या झाडाचा डोळा भरता येतो. सालीला इंग्रजी ‘टी’सारखी चीर, आत डोळा, वर प्लास्टिकची पट्टी. माझे पहिले पाचातले तीन वाळले. हात बसायला वेळ लागतो.

बी असो वा कलम, कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येणारच. ती लिंबावरच्या फुलपाखराची. दोन दिवसांत अख्खं रोप बोडकं करते. फवाऱ्याची गरज नाही, सकाळी हातानं उचलायची. मी एक जास्तीचं बियांचं रोप कोपऱ्यात ठेवलंय, उचललेल्या अळ्या त्यावर सोडतो.