साठ हिरे उरलेत: पैसे टाकून खेळण्याचा आठ महिन्यांचा अनुभव

हा रिव्ह्यू मी पाच महिन्यांपूर्वी रागाच्या भरात लिहायला घेतला होता. तेव्हाच टाकला असता तर एका ओळीत संपला असता: एक पैसाही टाकू नका. मग सपोर्टशी भांडण झालं, ते मिटलं नाही, माझं मत एकदा बदललं, पुन्हा थोडं बदललं. आता जे शिल्लक आहे ते लिहितोय.

गेमचं नाव मुद्दाम देत नाही. पाच विरुद्ध पाच, हीरोंना लेव्हल, लेव्हलसाठी शार्ड (हीरोचे तुकडे), शार्डसाठी स्पिन (नशिबाचं चक्र), स्पिनसाठी हिरे आणि हिऱ्यांसाठी तुमचं कार्ड. असा एक तरी गेम तुमच्या फोनवर असेलच, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही.

पहिला दीड महिना मी पूर्ण फुकट खेळलो. हरायचो, जिंकायचो, साधारण निम्मं निम्मं. मग समोर ती ढालवाली हीरो यायला लागली. तिचं खरं नाव वेगळं आहे, पण आमच्या क्लॅनमध्ये (गेममधल्या आमच्या गटात) सगळे तिला ढालवालीच म्हणतात. ती माझ्यापेक्षा एकच लेव्हल वर असायची. एक लेव्हल म्हणजे दहा टक्के. ऐकायला काहीच वाटत नाही. पण हिशेब करून बघा. समोरच्याचं आयुष्य १००० आणि माझा फटका ३४० चा, तर तो तीन फटक्यांत मरतो. त्याचं आयुष्य ११०० झालं की तीन फटक्यांचे १०२० होतात आणि चौथा मारावा लागतो. त्या चौथ्या फटक्याला जो वेळ लागतो तेवढ्यात ती ढाल उघडते आणि मी आकाशाकडे बघत पडलेला असतो. कागदावर दहा टक्के, मैदानात तीनाचे चार. दुकानाच्या पाटीवर हे कुठे लिहिलेलं नसतं. हे कळलं त्या रात्री मी कार्ड बाहेर काढलं.

आता मुख्य मुद्दा. बाकीचं वाचलं नाहीत तरी चालेल, पण हे वाचा.

दहाचा स्पिन ५०० हिऱ्यांना. हिऱ्यांची पाकिटं ८० ची आणि ४८० ची. (मोठीही आहेत, पण ती बघून मी स्क्रीन खाली सरकवली.) ५०० चं पाकीट नाही. का नाही? कोणाला ५०० पर्यंत मोजता येत नाही असं थोडंच आहे? ४८० घेतलं तर २० कमी पडतात. मग ८० चं घ्या. झाले ५६०, स्पिन मारला, उरले ६०. या साठ हिऱ्यांत काय येतं? काहीच नाही. दुकानातली सगळ्यात स्वस्त वस्तू १०० ची. पण ते साठ टाकून द्यायलाही जीव होत नाही, ते माझ्या पैशांचे आहेत. म्हणून पुन्हा ४८० चं घ्यायचं, ५४० होतात, स्पिननंतर ४० उरतात. पुन्हा ४८०, उरतात २०. पुन्हा ४८०, आणि आता बरोबर ५००. एक ऐंशीचं आणि चार चारशे ऐंशीची अशी पाच पाकिटं घेतली तरच हातात पूज्य उरतं. मी वहीत हे मांडलं आणि दहा मिनिटं त्या पानाकडे बघत बसलो. हे आपोआप होत नसतं, कोणीतरी शांतपणे बसून ठरवलेलं असतं.

आणि मी ते केलं. पाच पाकिटं घेतली, चाळीस स्पिन मारले, शिल्लक शून्य. आयुष्यात बँकेचं खातं इतकं नीट जुळवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेम उघडला तर निरोप: सर्व्हरच्या देखभालीमुळे झालेल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व, १० हिरे भेट.

हे फक्त माझंच वेड नाही याचं मला नंतर समाधान मिळालं. मार्च २०२५ मध्ये युरोपीय आयोग आणि तिथल्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी गेममधल्या चलनाबद्दल तत्त्वं जाहीर केली. त्यात खऱ्या पैशांतली किंमत स्पष्ट दाखवा हे आहे, आणि ग्राहकाला नको असलेलं चलन घ्यायला भाग पाडू नका हेही आहे. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहक संरक्षण संस्थेने गेन्शिन इम्पॅक्ट या गेमच्या कंपनीशी दोन कोटी डॉलरची तडजोड केली. त्या प्रकरणातही एक आक्षेप हाच होता की चलनावर चलन चढवून खरा खर्च कळेनासा केला जातो. म्हणजे माझ्या वहीतलं पान अगदीच खुळ्याचं नव्हतं.

चाळीस स्पिनांत ढालवाली आली नाही. शक्यता एक टक्का, हे स्पिनच्या कोपऱ्यातल्या ‘आय’च्या खुणेमागे लिहिलेलं असतं. ॲपलने डिसेंबर २०१७ पासून ॲप स्टोअरवरच्या गेमना असे आकडे दाखवणं बंधनकारक केलं, त्यामुळे ते सापडतात तरी. एक टक्का म्हणजे शंभरात एक, म्हणजे चाळीस स्पिनांत बऱ्यापैकी आशा, असं मला वाटत होतं. ०.९९ चा चाळिसावा घात काढा: ०.६७. शंभर जणांनी चाळीस चाळीस स्पिन मारले तर सदुसष्ट जण हात हलवत परत. त्यात मी. ऐंशीव्या स्पिनला मात्र हमी असते, जिला सगळे ‘पिटी’, म्हणजे दया, म्हणतात. हा उपकार नाही, हा ओरडा खाऊन आलेला नियम आहे. २०१६ साली जपानमध्ये ग्रॅनब्लू फँटसी या गेममध्ये एका पात्रासाठी लोकांनी इतके पैसे ओतले आणि त्यावरून इतका गदारोळ झाला, की ३०० स्पिननंतर पात्र नक्की द्यायचं असं ठरलं. आमच्या गेममध्ये तीच मर्यादा ऐंशी. चाळीस तर झालेच होते. आता थांबलो तर ते चाळीसही पाण्यात, असं म्हणून मी पुन्हा तीच पाच पाकिटं घेतली. बुडत्याचा पाय खोलात. ढालवाली आली ती थेट ऐंशीव्याला. शिल्लक १० हिरे.

पुढचे पंधरा दिवस मजा आली. प्रामाणिकपणे सांगतो, खूप मजा आली. पैसे टाकून जिंकण्यात काय राम आहे असं मी आधी तोंड वर करून म्हणायचो, ते शब्द मागे. वहीत नोंद आहे: पहिल्या ६० मॅचमध्ये ४४ विजय. समोरचा पळतोय, मी ढाल घेऊन मागे, क्लॅनमध्ये लोक माझ्याशी आदराने बोलतायत. एकाने तर ‘सर’ म्हटलं.

मग पुढच्या ६० मॅच: ३१ विजय. त्याच्या पुढच्या ६०: २९.

म्हणजे पुन्हा निम्मं निम्मं. आधी वाटलं, गेम मला मुद्दाम हरवतोय. तसा संशय घ्यायला जागाही आहे. अ‍ॅक्टिव्हिजन या गेम कंपनीला ऑक्टोबर २०१७ मध्ये एक पेटंट मिळालं, ज्यात खेळाडूला खरेदीचा मोह व्हावा अशा जोड्या लावण्याची पद्धत मांडली होती. ती कुठल्याही गेममध्ये वापरलेली नाही असं कंपनीने तेव्हा सांगितलं. मी दोन रात्री या कटाच्या मागे होतो. नंतर लक्षात आलं की कट वगैरे काही लागतच नाही. मॅचमेकिंगचं कामच बरोबरीचा माणूस शोधून आणणं हे आहे. मी जिंकत गेलो, रँक चढलो, आणि जिथे पोचलो तिथे प्रत्येकाकडे ढालवाली होती. माझ्यापेक्षा दोन लेव्हल वरची. रँकच्या यादीत मी वर दिसतो हे खरं, पण मॅचमध्ये मी परत तिथेच, आकाशाकडे बघत पडलेला. चार हजार हिऱ्यांत मला ढालवाली मिळाली असं पावती म्हणते. खरं तर पंधरा दिवस भाड्याने मिळाले. आता तेच पंधरा दिवस परत हवे असतील तर लेव्हल वाढवा, म्हणजे शार्ड, म्हणजे स्पिन, म्हणजे ८० आणि ४८०.

हे पचवत होतो तेवढ्यात पॅच (गेममधल्या बदलांचा अपडेट) आला आणि ढालवालीचा फटका १२ टक्क्यांनी कमी केला. मी ती घेतल्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. ज्या गुणासाठी वस्तू घेतली तो गुणच दुकानदाराने घरी येऊन काढून नेला! सपोर्टला लिहिलं. उत्तर आलं: प्रिय खेळाडू, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पुन्हा लिहिलं, पावती जोडली, तारखा दिल्या. प्रिय खेळाडू, संतुलनासाठी बदल करण्याचा हक्क आम्ही राखून ठेवतो. तिसऱ्यांदा मी अटी वाचून लिहिलं, आणि तिथेच फसलो. अटींत स्वच्छ लिहिलंय की आभासी वस्तू विकल्या जात नाहीत, फक्त वापरायची परवानगी मिळते. खरेदीच्या बटणावर मात्र ‘परवानगी मिळवा’ असं लिहिलेलं मला आठवत नाही. चौथ्या उत्तरात सदिच्छा म्हणून ३० हिरे. शिल्लक ४०.

इथे मूळ रिव्ह्यू संपत होता, दोन शिव्या घालून.

पण सपोर्टशी झालेला पत्रव्यवहार खाली सरकवताना माझीच एक जुनी तक्रार सापडली, फुकट खेळत होतो त्या काळातली. तीत लिहिलं होतं, ‘या ढालवालीला नर्फ करा, गेम खेळवत नाही.’ नर्फ म्हणजे ताकद कमी करणं. त्यावरही उत्तर होतं: प्रिय खेळाडू, आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. म्हणजे सूचना पोचली म्हणायची. तेव्हा नर्फबद्दलचा राग मी मागे घेतो. फुकट खेळणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर तो बदल योग्यच होता. आक्षेप फक्त क्रमाला आहे: आधी अंगावर येईल एवढी ताकद देऊन विकायची आणि विक्री ओसरली की दुरुस्ती करायची. दुरुस्तीच करायची होती तर विकण्याआधी का नाही?

मध्ये माझी भाची सुट्टीत आली होती. ती हाच गेम फुकट खेळते, लेव्हलला माझ्यापेक्षा तीनने खाली. पाचपैकी तीन वेळा तिने मला पाडलं. मी म्हटलं, कसं काय गं? म्हणाली, ‘मामा, तू ढाल उघडायच्या आधी दर वेळी एक पाऊल मागे येतोस. मग मी थांबते, ढाल बंद झाली की येते.’ हे मला आठ महिन्यांत माहीत नव्हतं. आता मुद्दाम पुढे जायला बघतो, पण बोट ऐकत नाही.

एक गोष्ट मात्र चांगली निघाली, आणि ती मी सगळ्यात शेवटी घेतली, कारण दुकानात ती सगळ्यात खाली लपवलेली आहे. मासिक कार्ड. तीस दिवस रोज ४५ हिरे. पैशाला हिरे किती पडतात याचा हिशेब केला तर मोठ्यात मोठ्या पाकिटापेक्षाही हे कितीतरी पटीने स्वस्त. अट एवढीच की रोज गेम उघडायचा. ज्या दिवशी उघडला नाही त्या दिवसाचे ४५ बुडाले. पैसे मी मोजलेत आणि हजेरीही मीच लावायची. दोन महिने घेतलं, साठ दिवसांतले चार बुडवले. त्यातला एक दिवस दात काढायला गेलो होतो, आणि खुर्चीत तोंड सुन्न असताना मला हिरे आठवत होते. ५६ दिवसांचे २५२०, आधीचे ४०, एकूण २५६०. दहाचे पाच स्पिन मारले. उरले ६०. पहिल्या दिवशी होते तेवढेच.

विकत घ्यायचंच असेल तर माझं मत असं: कार्ड घ्या, पाकिटं घेऊ नका, आणि लेव्हलसाठी अजिबात नको. कपडे, रंग, नाचाच्या अदा यांना पैसे देणाऱ्यांना मी पूर्वी हसायचो. आता वाटतं तेच शहाणे. पोशाख नर्फ होत नाही. डोटा टूमध्ये सगळे हीरो पहिल्या दिवसापासून सगळ्यांना मोकळे आहेत, पैसे फक्त दिसण्याचे, आणि तो गेम अजून उभा आहे. म्हणजे दुसरा मार्गच नसतो असं नाही. २०१७ मध्ये स्टार वॉर्स बॅटलफ्रंट टूवर लोक इतके तुटून पडले की डार्थ व्हेडर या पात्राची किंमत ६०,००० क्रेडिटवरून (गेममधलं चलन) १५,००० वर आली, आणि गेम बाजारात येण्याच्या आदल्या दिवशी गेममधली पैशांची खरेदीच बंद केली गेली. नंतर ती परत आली, पण दिसण्यापुरती. आमच्या क्लॅनमध्ये असं काही सुचवलं तर ‘सर’ म्हणणारा तो गृहस्थ म्हणतो, मग आपण इतके पैसे टाकले त्याचं काय? या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याने माझ्या कितीतरी पट टाकलेत, आणि अजून टाकतोय.

मी थांबलोय. कार्ड संपून बारा दिवस झाले, पुन्हा घेतलेलं नाही. अधूनमधून एखादी मॅच खेळतो, एक पाऊल मागे येतो, मरतो.

काल गेम उघडला तर दुकानात एक नवी चौकट चमकत होती. खास तुमच्यासाठी, फक्त २४ तास: ढालवालीचे वीस शार्ड, किंमत ६५ हिरे. आठ महिन्यांत १०० च्या खाली काही बघितलं नव्हतं. ८० चं पाकीट घेतलं तर काम होतं, पण मग ७५ उरतात.