‘गेट’ या एका शब्दासाठी घेतलेली ऑक्सफर्डची डिक्शनरी

मी पूर्ण मराठी मीडियमचा, गेट म्हणजे मिळणे एवढंच पाठ होतं. नोकरीला लागल्यावर साहेब फोनवर म्हणाले, ‘आय विल गेट बॅक टू यू’, मला वाटलं ते परत येतायत, म्हणून जेवायला न जाता टेबलापाशीच थांबलो. त्यांना म्हणायचं होतं, नंतर कळवतो. फार मनाला लागलं होतं ते. त्याच आठवड्यात ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी घेतली आणि आज इतक्या वर्षांनी सांगतो, पैसे वसूल.

‘गेट’ काढून बघा. अर्थ भरपूर आहेत पण प्रत्येक गटाच्या डोक्यावर छोटी पाटी आहे, मिळणं, आणणं, पोचणं, समजणं, अशी, त्यामुळे आपल्याला हवा तो पटकन सापडतो आणि प्रत्येकाखाली वाक्यं. ती वाक्यं वाचतानाच मला कळलं की गेट वेट म्हणजे भिजणं, गेट टायर्ड म्हणजे दमणं, गेट लॉस्ट म्हणजे वाट चुकणं, म्हणजे ‘मिळणं’ कुठे येतच नाही, पुढचा शब्द काय आहे त्यावर सगळं ठरतं. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणजे केस मी कापले नाहीत, कापून घेतले. हे ‘करून घेणं’ आपल्या मराठीत आयतं आहे, पण मला शाळेत कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

आपलं ‘लागणे’ आठवा ना, भूक लागते, ठेच लागते, दिवा लागतो, नोकरी लागते. आपण कुणी ते पाठ केलं का, जोडीच्या शब्दासकट कानावर पडलं म्हणून येतं. गेटचंही तसंच शिकायचं.

ही डिक्शनरी मुळात काढली हॉर्नबी यांनी, ते जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे आणि पहिली आवृत्ती १९४२ साली टोकियोत निघाली, परक्या भाषेच्या माणसाला कुठे अडतं ते त्यांना माहीत होतं आणि ते पानापानात जाणवतं.

मराठी अर्थ एकही नाही हे आधीच सांगतो, सुरुवातीला जड जातं आणि अक्षरही बारीक आहे. पण अर्थ सोप्या शब्दांत दिलेत, महिनाभरात सवय होते. वेबसाइट फुकट आहे, तिथे उच्चार ऐकायला मिळतो, तो नक्की ऐका कारण आपण दाराचं गेट आणि हे गेट एकसारखंच बोलतो, तर या गेटमधला ए आखूड आहे.

आता भाची सातवीत आहे, तिला रोज गेटचं एकच वाक्य लिहायला देतो. काल तिने लिहिलं ‘इट इज गेटिंग डार्क’ आणि खाली मराठीत, अंधार पडायला लागलाय.