क्लाउन, पिकासो की ब्लू जॉ? ट्रिगरफिश निवडताना

ट्रिगरफिश म्हणजे खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये पाळतात ते मासे; क्लाउन, पिकासो, ब्लू जॉ ही त्यांच्या जातींची नावं. क्लाउन ट्रिगरचं पिल्लू दुकानात बोटाएवढं असतं. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, पिवळं तोंड, एक डोळा तुमच्याकडे आणि दुसरा भलतीकडेच. माणूस तिथेच विरघळतो. पण समुद्रात हाच मासा 50 सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि अंगाबरोबर त्याचा स्वभावही वाढतो. वर्षभर गुण्यागोविंदाने राहिलेला क्लाउन एके दिवशी सोबतच्या माशांचे पंख कुरतडायला लागतो. म्हणून पिल्लाचा स्वभाव बघून निवड करू नका.

खरा फरक खाण्यात आहे. क्लाउन, पिकासो आणि अनड्युलेटेड हे तळाशी कवचं फोडून खाणारे. खेकडे, शंख, समुद्री साळू असलं काहीही त्यांच्या दातांखाली फुटतं. टँकमधल्या गोगलगायी आणि सफाई करणारी कोळंबी त्यांच्या लेखी नाश्ताच. ब्लू जॉ मात्र मोकळ्या पाण्यात तरंगणारे बारीक जीव टिपतो. प्रवाळाच्या टँकमध्ये ट्रिगर हवाच असेल तर माझं मत डोळे झाकून ब्लू जॉला. नराचा गळा निळा आणि पंखांना पिवळी किनार. मादी त्यामानाने साधी. जोडीनेही राहतात. कोळंबी ठेवायची असेल तर ती माशाच्या आधी सोडा, तरीही हमी धरू नका. आणि टँकला झाकण हवंच, घाबरला की उडी मारतो.

लाल दातांचा नायजर स्वभावाने या दोन टोकांच्या मधला, पण त्याला पोहायला लांबलचक जागा लागते. 500 लिटरच्या खाली विचार करू नका. पिकासो खोडकर असला तरी तगडे शेजारी असतील तर निभतं. क्लाउनला 700 लिटर आणि त्याहून मोठं काळीज लागतं. हिरव्या अंगावर नारिंगी रेघांचा अनड्युलेटेड जेमतेम 30 सेंटिमीटरचा, पण भांडखोरपणात सगळ्यांचा बाप. तो एकटाच ठेवावा.

एकटाच का होईना, असा मासा पाळण्यात मजा आहे, हे मी नाकारणार नाही. माझा पिकासो मला ओळखायचा. सकाळी दिवा लागला की काचेपाशी येऊन गुरगुरायचा, तोंडाने फुंकर मारून वाळू उडवायचा आणि मी रचलेले दगड रात्रीतून हलवायचा. पंप बंद करायला हात घातला तेव्हा त्याने बोटाचा असा चावा घेतला की नंतर मी चिमट्यानेच खायला द्यायला लागलो. हीटरला जाळीचं आवरण मी वायर कुरतडलेली दिसल्यावर घातलं. तुम्ही आधीच घाला.

ट्रिगरचे दात सतत वाढतात, ते झिजावेत म्हणून आठवड्यातून दोनतीनदा सालीसकट कोळंबी किंवा शिंपल्यासकट मांस द्या. घाण भरपूर होते, तेव्हा प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसाबरोबर बाहेर काढणारं यंत्र) टँकच्या मापापेक्षा मोठाच घ्या.

पकडताना जाळं नको. पाठीवरचा पहिला काटा तो उभा करतो, दुसरा त्याला खिटीसारखा अडकवतो आणि मग मासा जाळ्यात रुततो. रात्री याच काट्याने तो कपारीत स्वतःला घट्ट बसवून झोपतो. प्लास्टिकच्या डब्यात हळूच हाकलून घ्या.